छापलेली आकृती आणि मूळ प्रतिमा

जीवशास्त्रावरच्या बहुतेक शोधनिबंधांत आज पेशींची चित्रे असतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-जांभळ्या रंगांत उजळलेल्या तीन-चार चौकटी, कोपऱ्यात माप दाखवणारी पांढरी रेघ, खाली बारीक टाइपातले स्पष्टीकरण. निबंधाचा निष्कर्ष अनेकदा याच चौकटींवर उभा असतो: अमुक प्रथिन अमुक ठिकाणी साठले, अमुक जनुक बंद केल्यावर पेशी विभागायची थांबली. वाचकापर्यंत पोचण्याआधी त्या चौकटीवर बरेच संस्कार झालेले असतात. शेकडो, कधी हजारो प्रतिमांमधून ती निवडलेली असते. तिच्या कडा कापलेल्या असतात, उजेड-अंधार जुळवलेला असतो. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याने १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ छटांच्या मापपट्टीवर नोंदवलेला प्रकाश छपाईसाठी २५६ छटांत बसवलेला असतो. यातले बहुतेक बदल प्रामाणिक आणि आवश्यक असतात. तरी त्यांचा परिणाम असा होतो की वाचकाच्या हाती पुराव्याचा नमुना येतो आणि प्रत्यक्ष पुरावा प्रयोगशाळेतल्या एखाद्या हार्ड डिस्कवर पडून राहतो. पुढच्या पानांत या विषयाच्या अनेक बाजू येतील, पण त्यामागचे म्हणणे एकच आहे. प्रतिमांवर आधारलेल्या संशोधनाच्या मूळ प्रतिमा, त्या कशा घेतल्या याच्या नोंदींसह, कोणालाही पाहता येतील आणि उतरवून घेता येतील अशा कायमच्या ठिकाणी ठेवल्या जात नाहीत, तोवर ते संशोधन पूर्णपणे प्रकाशित झाले असे मानू नये.

जीवशास्त्राच्या इतर शाखांना हे नवे नाही. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांची सार्वजनिक पेढी १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाली. आज तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. डीएनएच्या अनुक्रमांसाठी १९८२ मध्ये जेनबँक उभी राहिली आणि १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या जनुकशास्त्रज्ञांनी ठरवले की मानवी जनुकसंचाचे वाचलेले तुकडे २४ तासांच्या आत खुले करायचे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामाला मिळाले त्यातल्या अल्फाफोल्ड या प्रणालीला प्रथिनांची घडी ओळखायला शिकवले गेले ते त्या १९७१ च्या पेढीत अर्धशतकभर साठत आलेल्या रचनांवर. रचना जमा करणाऱ्यांपैकी कोणी सत्तरच्या दशकात संगणकाला शिकवण्याचा हेतू मनात धरला नव्हता. त्यांनी फक्त आपला डेटा एका ठरलेल्या स्वरूपात, एका ठरलेल्या जागी ठेवला.

प्रतिमांच्या बाबतीत हे इतके उशिरा का घडले, याची दोन खरी कारणे आहेत. पहिले आकारमान. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची १६ बिटांची एक चौकट सुमारे ८ मेगाबाइटची होते. सेकंदाला १०० चौकटी टिपणारे कॅमेरे आज अनेक प्रयोगशाळांत आहेत. अशा कॅमेऱ्याने तासभर अखंड चित्रण केले तर सुमारे ३ टेराबाइट डेटा साठतो. दुसरे कारण जास्त चिवट आहे. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापली फाइल-पद्धत काढली, आणि एका कंपनीची फाइल दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना. डंडी विद्यापीठातले जेसन स्वेडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट' या प्रकल्पातून गेली दोन दशके या भिंती पाडण्याचे काम केले. त्यांचे बायो-फॉरमॅट्स हे साधन आज दीडशेहून अधिक फाइल-पद्धती वाचते. असल्या कामावर कोणाला नोबेल मिळत नाही, पण ते झाले नसते तर प्रतिमा खुल्या करण्याची सगळी चर्चा निरर्थक ठरली असती.

मूळ प्रतिमा प्रकाशनाचा भाग व्हाव्यात असा पहिला ठोस प्रयत्न एका नियतकालिकाने केला आणि त्याची सुरुवात संशयातून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी'चे व्यवस्थापकीय संपादक माइक रॉसनर यांनी २००२ पासून स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधातल्या आकृत्या छपाईपूर्वी तपासायला घेतल्या. सुमारे एक चतुर्थांश निबंधांत एखादी तरी आकृती नियतकालिकाच्या नियमांत न बसणाऱ्या रीतीने बदललेली आढळली. सुमारे एक टक्का निबंध फसवणुकीमुळे नाकारावे लागले. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा अर्थ असा की बहुतेकांनी खोटेपणा केला नव्हता. चित्र नीटनेटके दिसावे म्हणून पार्श्वभूमी पुसली होती, नको असलेला डाग झाकला होता. पण छापील आकृती पाहून नीटनेटकेपणा आणि लबाडी यांत फरक करता येत नाही. त्यासाठी मूळ फाइलच लागते. पुढे एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध नुसत्या डोळ्यांनी तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद पुनरावृत्ती झालेल्या प्रतिमा निघाल्या. ज्यांच्यावर शंका घेतली गेली त्यांतले कित्येक जण कदाचित निर्दोष असतील, आणि मूळ प्रतिमा समोर असत्या तर ते त्याच दिवशी सिद्धही झाले असते. मूळ प्रतिमा खुल्या असण्यात प्रामाणिक संशोधकाचेच सर्वांत मोठे हित आहे, हे पुरेसे बोलले जात नाही.

'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी'नेच २००८ मध्ये डंडीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेले एक प्रतिमा-दर्शक सुरू केले. निबंधातल्या आकृतीवरून वाचक थेट मूळ प्रतिमेपर्यंत जाऊ लागला. त्याला प्रकाशाची पातळी बदलता येई, एकेक रंग वेगळा करता येई, खोलीतला एकेक थर उलगडता येई. चार वर्षांनी या साधनाची खरी कसोटी लागली. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने झेब्राफिशच्या जेमतेम दीड मिलिमीटर लांबीच्या भ्रूणाचा एक छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २६,४३४ तुकड्यांत टिपला आणि ते जोडून २८१ अब्ज पिक्सेलचे एक चित्र तयार केले. साध्या संगणकाच्या पडद्यावर सुमारे २० लाख पिक्सेल मावतात; हे चित्र पूर्ण तपशिलात पाहायचे तर तसे सव्वा लाखाहून अधिक पडदे शेजारी शेजारी मांडावे लागतील. छापील पानावर त्याचे काय उरेल? एका पुसट माशाची आकृती. पडद्यावर मात्र वाचक अख्ख्या भ्रूणापासून सुरुवात करून एका पेशीच्या एका तंतुकणिकेच्या घड्यांपर्यंत उतरू शकतो, आणि ती तंतुकणिका नेमक्या कोणत्या अवयवातल्या कोणत्या पेशीत आहे हे भान सुटत नाही. निवडलेल्या चौकटी संदर्भ तोडूनच हाती येतात. इथे संदर्भ शाबूत राहतो, आणि मला हाच या साधनाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

हे शक्य होते ते एका साध्या युक्तीने. मोबाइलवरचा नकाशा जसा सगळ्या जगाचे रस्ते एकदम उतरवून घेत नाही, पडद्यावर दिसणारा तुकडाच तेवढा मागवतो, तसेच इथेही होते. चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवतात, प्रत्येक प्रतीचे छोटे चौकोन पाडतात, आणि वाचक जिथे पाहत असेल तेवढेच चौकोन त्याच्या ब्राउझरकडे जातात. २०२१ पासून पुढे आलेली ओएमई-झार ही फाइल-पद्धत याच तत्त्वावर त्रिमितीय आणि काळानुसार बदलणाऱ्या प्रतिमा साठवते. त्यामुळे शंभर टेराबाइटची प्रतिमा पाहायला शंभर टेराबाइटची जागा किंवा परदेशी प्रयोगशाळेतले इंटरनेट लागत नाही. नांदेडच्या किंवा पणजीच्या महाविद्यालयातला साधा संगणक पुरतो.

'एवढे सगळे पाहणार कोण?' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर फळमाशीच्या मेंदूने दिले आहे. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात डेव्ही बॉक यांच्या गटाने एका प्रौढ मादी फळमाशीचा मेंदू सुमारे ४० नॅनोमीटर जाडीच्या ७ हजारांहून अधिक छेदांत कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपला. सुमारे २ कोटी १० लाख प्रतिमा, १०६ टेराबाइट डेटा. २०१८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि प्रतिमा सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्या गटाने स्वतः त्यातल्या मोजक्याच चेतापेशींचे मार्ग हाताने शोधले होते. सगळा मेंदू असा शोधायचा तर पिढ्या लागल्या असत्या. मग प्रिन्स्टन विद्यापीठातले सेबॅस्टियन सुंग आणि माला मूर्ती यांच्या गटाने त्याच प्रतिमांवर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवून पेशींच्या कडा ओळखून घेतल्या. यंत्राच्या चुका दुरुस्त करायला अनेक देशांतल्या प्रयोगशाळांतले संशोधक आणि प्रयोगशाळेशी काही संबंध नसलेले स्वयंसेवकही पुढे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण आराखडा छापून आला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधले पाच कोटींहून अधिक सांधे. प्रतिमा घेणारा गट वेगळा, त्या वाचणारा वेगळा, आणि दुरुस्त करणारे शेकडो हात आणखी वेगळे. त्या १०६ टेराबाइट प्रतिमा जनेलियाच्या कुलपात राहिल्या असत्या तर या कामासाठी दुसरी माशी, दुसरे ७ हजार छेद आणि पुन्हा तेवढीच वर्षे लागली असती.

जुन्या प्रतिमांचा अनुभवही हेच सांगतो. सी. एलिगन्स या इवल्या कृमीच्या ३०२ चेतापेशींचा आराखडा १९८६ मध्ये केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर, जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तो तयार झाला होता फोटोच्या कागदी प्रतींवर हाताने खुणा करून. त्या प्रती कोणी फेकून दिल्या नाहीत. त्या न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात जपल्या गेल्या, स्कॅन झाल्या, आणि २०१९ मध्ये तिथल्याच गटाने त्या नव्याने वाचून कृमीच्या नर आणि उभयलिंगी अशा दोन्ही रूपांचे सुधारित आराखडे प्रसिद्ध केले. प्रतिमा घेणाऱ्यांचा प्रश्न एक होता; तीस वर्षांनी त्याच प्रतिमांनी वेगळ्या प्रश्नाला उत्तर दिले. कुठली प्रतिमा पुढे कामाला येईल हे ती घेतली त्या दिवशी कळत नाही. म्हणूनच 'आमच्या प्रतिमांत इतरांना रस नसेल' हा निर्णय एकट्या लेखकावर सोडणे योग्य नाही.

मात्र नुसत्या प्रतिमा ठेवून भागत नाही, आणि इथे या चळवळीच्या समर्थकांनीही थोडे थांबायला हवे. पेशी कोणत्या प्राण्याची, कोणत्या वयाची, कोणते प्रतिपिंड वापरून कोणते प्रथिन रंगवले, एक पिक्सेल म्हणजे किती नॅनोमीटर, भिंगाची शक्ती किती, दोन चौकटींमध्ये किती सेकंद गेले, हे लिहिलेले नसेल तर टेराबाइटच्या टेराबाइट प्रतिमा म्हणजे नुसते ठिपके. अनुक्रमाचे तसे नसते: डीएनएच्या चार अक्षरांची ओळ कोणाच्याही हाती गेली तरी बऱ्याच अंशी वाचता येते. प्रतिमा स्वतःबद्दल फार थोडे सांगते. २०२१ मध्ये सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि भांडारे चालवणारे यांनी एकत्र येऊन 'रेम्बी' नावाने किमान नोंदींची एक रूपरेषा मांडली, ती याच गरजेतून. नोंदी नीट केल्या तर काय होते हे इमेज डेटा रिसोर्स या भांडाराने दाखवले. २०१७ मध्ये त्याची मांडणी करताना तिथल्या गटाने निरनिराळ्या प्रयोगशाळांनी केलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या अभ्यासांतली पेशींच्या दिसण्याची वर्णने एका समान शब्दसूचीत बसवली. मग किण्वावरच्या अभ्यासात आणि मानवी पेशींवरच्या अभ्यासात ज्या जनुकांमुळे पेशी लांबट होतात ती शेजारी ठेवून पाहता आली. एका प्रयोगशाळेला असा संबंध सुचणे अवघड होते. या नोंदी करायला वेळ लागतो, तो विद्यार्थ्यांचा जातो आणि त्याचे श्रेय त्यांना आज मिळत नाही. यावर उपाय हवा. प्रतिमासंचाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळावा, त्यावर नोंदी करणाऱ्यांची नावे असावीत, आणि नेमणूक-बढतीच्या वेळी ते काम निबंधाइतके नाही तरी दखलपात्र मानले जावे.

'कोणी मागितल्या तर देऊ, सगळ्यांसाठी खुल्या कशाला?' असेही विचारले जाते. ऐकायला हे सभ्य वाटते, पण पडताळून पाहिले तर टिकत नाही. २०१४ मध्ये टिमथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ निबंधांचा डेटा लेखकांकडे मागून पाहिला. निबंध जितका जुना तितका डेटा सापडण्याचा संभव कमी, आणि ही घट वर्षाला १७ टक्के होती. संगणक बदलतात, पत्ते बदलतात, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात. २०२२ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात 'विनंती केल्यास डेटा देऊ' असे छापून सांगणाऱ्या जवळजवळ १,८०० निबंधांच्या लेखकांना पत्रे गेली. ९३ टक्क्यांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. यातल्या बहुतेकांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण जी व्यवस्था दरवेळी एका व्यक्तीच्या आठवणीवर आणि सवडीवर चालते तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. सूक्ष्मदर्शकातून निघालेले सगळेच साठवावे असे कोणी म्हणत नाही. फसलेले चित्रण, यंत्र जुळवतानाच्या चौकटी खुशाल पुसाव्यात. छापलेला निष्कर्ष ज्या प्रतिमांवर उभा आहे त्या मात्र राहायलाच हव्यात. 'साठवण्यापेक्षा प्रयोग पुन्हा करणे स्वस्त' हा युक्तिवाद डीएनएच्या बाबतीत कधी कधी पटतो, पण वाढणाऱ्या भ्रूणाच्या चित्रणाला तो लागू नाही, कारण त्या भ्रूणाचा तो तास परत येत नाही. खर्च कोणी उचलायचा याचे उत्तर वर सांगितलेल्या प्रतिमा-दर्शकाच्या पुढच्या इतिहासातच सापडते. ते साधन पुढे बंद झाले आणि त्यातल्या प्रतिमा युरोपच्या सार्वजनिक भांडारात हलवाव्या लागल्या. प्रकाशकाने वाट दाखवली, पण पन्नास वर्षे डेटा सांभाळणे हे प्रकाशकाचे काम नाही. ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांचे आहे. इंग्लंडमध्ये हिंक्स्टन इथल्या युरोपीय बायोइन्फर्मॅटिक्स संस्थेत २०१९ मध्ये बायोइमेज आर्काइव्ह सुरू झाले ते याच समजुतीने. प्रकाशकाने अट घालावी, भांडाराने सांभाळावे.

दुसऱ्यांनी आपल्या प्रतिमांवरून आपल्याआधी शोध लावला तर काय, ही भीती छोट्या प्रयोगशाळांना जास्त छळते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. महागडी यंत्रे आणि मोठे गट असलेल्या संस्था परक्या डेटावर लवकर काम करू शकतात. म्हणूनच निबंध प्रसिद्ध होईपर्यंत प्रतिमा झाकून ठेवण्याची मुभा हवी आणि भांडारे ती देतातही. त्यानंतर मात्र हिशेब उलटा होतो. कोट्यवधी रुपयांचा सूक्ष्मदर्शक विकत घेणे ज्यांना शक्य नाही, त्यांनाच खुल्या प्रतिमांचा सर्वांत जास्त फायदा आहे. मानवी ऊतींच्या प्रतिमांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. हार्वर्ड आणि गूगल यांनी टिपलेला मानवी मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा, १.४ पेटाबाइट भरलेला, आज कोणालाही पाहता येतो. तो अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीचा आहे आणि ती कोणाची हे उघड केलेले नाही. इथे संमती आणि नाव झाकणे आधी, खुलेपणा नंतर, हा क्रम मोडता कामा नये. पण यीस्ट, माशी आणि मासा यांच्या प्रतिमा दडवायला हे कारण पुढे करता येणार नाही.

भारतात या दिशेने पावले पडू लागली आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये सार्वजनिक पैशातून निर्माण झालेला जैविक डेटा खुला करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पुढच्या वर्षी फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा मानवी गर्भाच्या मेंदूचा चित्रसंच जगासाठी खुला केला. त्यात ५,१३२ छेद आहेत आणि प्रत्येक पेशीपर्यंत जवळ जाऊन ते पाहता येतात. भारतीय संस्थेने घेतलेला, भारतात साठवलेला आणि बर्लिनपासून बार्शीपर्यंत कोणालाही उघडता येणारा हा संच आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांतही उत्तम सूक्ष्मदर्शक आहेत आणि त्यांतून रोज प्रतिमा निघतात.

ज्या वाचकांच्या हाती अशी यंत्रे आहेत त्यांना एक विनंती. पुढचा निबंध पाठवाल तेव्हा त्याच्या मूळ प्रतिमा नोंदींसह एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवा आणि त्यांचा क्रमांक निबंधात छापा. दुसऱ्यांच्या निबंधाचे परीक्षण करायची वेळ येईल तेव्हा निष्कर्षावर मत देण्याआधी मूळ प्रतिमा कुठे आहेत हे विचारा. आणि ज्यांच्या हाती यंत्र नाही, फक्त संगणक आहे, त्यांनी पुढचे प्रकरण वाचण्याआधी 'धरणी' किंवा फळमाशीचा मेंदू एकदा उघडून पाहावा. दोन्ही विनामूल्य आहेत.